गुरनला ठाऊक असलेली गोष्ट

वेताळाचा पोशाख नेमका कोणत्या रंगाचा, या प्रश्नावर साठीकडे झुकलेली चार माणसे दीड तास वाद घालू शकतात, हे मी स्वतः त्या चारांपैकी एक असल्यामुळे खात्रीने सांगू शकतो. ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ही चित्रकथा दैनिकातून सुरू केली तेव्हा ती कृष्णधवल होती, आणि फॉक यांच्या मनातला पोशाख करडा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत चित्रकथा निघू लागली आणि तो पोशाख छापखान्यातून जांभळा होऊन बाहेर पडला. स्वीडनमध्ये तो निळा झाला, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल. ज्याने बालपणी जो रंग पाहिला तोच त्याला मूळचा वाटतो. निर्मात्याच्या मनातला रंग मात्र कोणाच्याच बालपणात नाही. संहिता आणि पाठभेद यांविषयी वर्गात तासन्‌तास बोलणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आमची चौघांची बैठक महिन्या-दोन महिन्यांनी भरते. कोणी रद्दीतून मिळालेला इंद्रजाल कॉमिक्सचा अंक आणतो, मुखपृष्ठावर बी. गोविंद यांचे चित्र असले की तो हातोहात फिरतो. १९९६ चा बिली झेनचा चित्रपट दर बैठकीत एकदा तरी निकालात काढला जातो. माझ्या मते तो वाटतो तितका वाईट नाही. पण झाडाच्या सावलीत, अर्ध्या चौकटीत उभा असलेला वेताळ पडद्यावर पूर्ण उजेडात आला की केवळ घट्ट कपड्यांतला एक उमदा पुरुष उरतो, हेही खरे. खेळण्यांबाबत आमचे ज्ञान ऐकीव आहे. अमेरिकेत १९६६ साली ‘कॅप्टन अ‍ॅक्शन’ नावाची एक बाहुली निघाली होती, तिला वेताळाचा पोशाख चढवता येत असे. पुढे ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ या १९८६ च्या मालिकेबरोबर वेताळ, मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि लोथार यांच्या बाहुल्या आल्या. आमच्या तालुक्याच्या गावी यांतले काहीच पोहोचले नाही. आमचे खेळणे म्हणजे अर्धा बटाटा. त्यावर ब्लेडने कवटी कोरायची, दौतीतल्या शाईत बुडवायची आणि शत्रूच्या गालावर उमटवायची.

रूपांतर म्हटले की आपल्याला चित्रपट आणि बाहुल्या आठवतात. परंतु आमच्यापुरते सर्वांत खोल रूपांतर एका शब्दात झाले होते. इंग्रजीतल्या ‘फॅंटम’ला, त्या चालत्या भुताला, ज्या कोणी ‘वेताळ’ म्हटले त्याला आपण काय करून ठेवतो आहोत याची पूर्ण कल्पना होती की नाही कोण जाणे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. वेतोबा रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. त्या मुलखात वाढलेल्या पोराला रात्री फिरणारा, मरण नसलेला, वाईटांना धाक घालणारा कोणी समजावून सांगावा लागत नव्हता. परका नायक आमच्याकडे आला तो आधीपासून मांडलेल्या पाटावर बसला.

इंद्रजालच्या संपादकांनी आणखीही काही शब्द हलवले. ‘बंगाला’ या देशाचे ‘डेंकाली’ झाले, ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’. कारण उघड आहे. फॉक यांनी आरंभी ही कथा आशियात कुठेतरी बसवली होती, आणि त्या नावांचा रोख वाचणाऱ्यांकडेच येत होता. पुढे कथा आफ्रिकेत स्थिरावली. वेताळाला समुद्रकिनाऱ्यावर वाचवणाऱ्या बुटक्या लोकांचे ‘बांदार’ हे नाव मात्र तसेच राहिले. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधल्या माकडांना काय म्हणतात ते आठवावे. चारशे वर्षे, एकवीस पिढ्या, एक गोरा पुरुष कवटीच्या सिंहासनावर, आणि शेजारी विषारी बाण घेऊन उभे असलेले, माकडांचे नाव मिळालेले ते निष्ठावंत लोक. फॉक यांना याचे भान अजिबात नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुढे त्यांनी त्या देशाला लोकशाही दिली, लुआगा नावाचा निवडून आलेला कृष्णवर्णी अध्यक्ष दिला. पण सिंहासन हलले नाही.

हे सगळे मी एका बैठकीत मोठ्या आवेशाने मांडले. वसाहतवाद, वंशवाद, दृष्टिकोन, जे जे शब्द हाताशी होते ते सर्व वापरले. माझा जुना वर्गमित्र शांतपणे ऐकत होता. आमच्या चौघांत सर्वांत मोठा संग्रह त्याचा, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत क्रमवार लावलेला. माझे बोलणे संपल्यावर तो म्हणाला, “शाळेमागच्या आंब्याखाली वेताळ कोण व्हायचं, आठवतंय ना?”

आठवत होते. मीच. पुस्तके माझ्या घरी येत आणि मी गोरा होतो. वाटणी मी करत असे, आणि ती करताना मला एकदाही विचार करावा लागला नव्हता. तो काळा आणि ठेंगणा, म्हणून गुरन. चार वर्षे गुरन. एकदा त्याने वेताळ होऊ का म्हणून विचारले होते, तेव्हा सगळे हसले होते. मीही हसलो होतो. माझ्या त्या सगळ्या विवेचनात आंब्याचे झाड कुठेच नव्हते.

मी काहीतरी बोलू लागलो, तर त्याने हात वर केला. “माफी-बिफी नको. तू कथा नीट वाचलेली नाहीस, एवढंच सांगतो. वेताळ अमर आहे असं साऱ्या जगाला वाटतं. तो मरतो, हे कोणाला ठाऊक असतं? बांदारांना. बाप मेला की मुलगा येतो, ही गोष्ट चारशे वर्षं तेच सांभाळतात. तू झाडावर चढून आरोळ्या द्यायचास तेव्हा मी खाली उभा राहून मनात म्हणायचो, हा मरणार आहे आणि ते फक्त मला माहीत आहे.”

कोणी काही बोलले नाही. मग त्यानेच एका पुस्तकातले छायाचित्र दाखवले. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या योद्ध्यांच्या ढाली होत्या, आणि माणसाच्या उंचीच्या त्या ढालींवर रंगवलेला होता वेताळ. तिकडे ही चित्रकथा पोहोचली, तेव्हा तिथल्या लढवय्यांनी न मरणारा हा पुरुष उचलला आणि शेजारच्या टोळीशी लढताना आपल्या अंगापुढे धरला. सिंहासनाशेजारी उभे राहण्याचा प्रश्नच त्यांना पडला नसावा. तो चेहरा आता त्यांचा होता, आणि त्यामागे कोण उभा आहे हे शत्रूला दिसत नव्हते.

“बघ, रंग मात्र त्यांनी मनाला येईल तो दिलाय,” चौथा म्हणाला, आणि वाद पुन्हा पोशाखावर आला. निघताना मी मित्राला विचारले, गुरनची बाहुली कधी निघाली का? त्याच्या पाहण्यात नव्हती. मग त्याने माझ्या चुका दुरुस्त करण्याचे काम पुढे चालू ठेवले. बटाट्याची कवटी मी नेहमी डाव्या हाताने उमटवत असे, ते चूक होते. कवटीची अंगठी उजव्या हातात असते. डाव्या हातातली खूण अभय देण्याची.