अक्षरं जोडीनं येतात

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात अमेरिकेतल्या एका ग्राहकाचं काम आलं. टीव्ही बातम्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज होती. त्यांतली क्लोज्ड कॅप्शन्स (बोलणं पडद्यावर अक्षरांत दाखवणाऱ्या ओळी) काढून एसआरटी या मजकूर-फाइलमध्ये ठेवायची, म्हणजे शब्द टाकून बातमी शोधता येईल. सीसीएक्स्ट्रॅक्टरसारखं फुकट, मुक्त सॉफ्टवेअर हे करतं; पण त्यांना स्वतःच्या प्रणालीत बसणारा कोड हवा होता. ते काम माझ्याकडे आलं.

सोबत त्यांच्या जुन्या स्क्रिप्टनं काढलेली नमुन्याची फाइल होती. तिच्यात वॉशिंग्टनच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू-ए नंतर थेट जी-टी, मग मागे राहिलेले एस-एच आणि आय-एन. गंमत म्हणजे जोड्या शाबूत, फक्त त्यांचा क्रम बिघडलेला. अमेरिकेत 1980 मध्ये कॅप्शन्सची सोय सुरू झाली, तेव्हा पडद्यावर न दिसणाऱ्या एकविसाव्या रेषेतून दर फ्रेमला दोन बाइट, म्हणजे दोन अक्षरं, जात. प्रसारण डिजिटल झालं तरी तीच चाल राहिली. ते दोन बाइट आता एमपेग-2 व्हिडिओमधल्या प्रत्येक चित्राला चिकटलेले असतात. त्यांतलं बी-फ्रेम नावाचं चित्र मागच्या-पुढच्या दोन्ही चित्रांच्या आधाराने तयार होतं, म्हणून पुढचं चित्र फाइलमध्ये आधी ठेवावं लागतं. त्याच्याबरोबर त्याची अक्षरंही पुढे सरकतात. चित्रं दाखवण्याच्या वेळेनुसार लावली, की वॉशिंग्टन जाग्यावर येतं.

अक्षरं मिळाली म्हणजे मजकूर मिळाला असं मात्र नाही. त्यांच्यामध्ये हुकूम पेरलेले असतात: ओळ वर सरकव, पडदा पूस, एक अक्षर मागे जा. सिग्नलमध्ये काही हरवलं तर, म्हणून प्रत्येक हुकूम दोनदा येतो. दोन्ही पाळले तर एकाऐवजी दोन अक्षरं खोडली जातात. शेवटी मेमरीत पंधरा ओळी आणि बत्तीस रकान्यांचा छोटा टीव्हीच उभा करावा लागला. थेट बातम्यांत ओळी खालून वर सरकतात. पडदा बदलला की जसाच्या तसा लिहिला, तर तेच वाक्य फाइलमध्ये तीनदा. म्हणून ओळ पुरी झाली की एकदाच लिहायची.

खरा वाद झाला तो वेळेवरून. थेट कार्यक्रमात कॅप्शन टंकणारी व्यक्ती ऐकून लिहिते, त्यामुळे शब्द काही सेकंद उशिरा उमटतात. ग्राहक म्हणाला, सगळं थोडं मागे ओढा. पण जाहिरातींची कॅप्शन्स आधीच तयार असतात, वेळेवरच येतात. ती ओढली तर कुणी बोलायच्या आतच वाक्य दिसेल. सुदैवाने दोन्हींचे हुकूम वेगळे असतात, म्हणून सरकत्या ओळीच तेवढ्या मागे घेतल्या. जाहिरात सुरू होताच निवेदकाचं शेवटचं वाक्य बऱ्याचदा अर्ध्यावर तुटतं. ते प्रसारणातच पुरं झालेलं नसतं, म्हणून आमच्या फाइलमध्येही ते तसंच ठेवलं.