लंब

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला गणितातला एखादा प्रश्न जिवापाड आवडतो म्हटले, की लोक गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे! मला आवडतो तो प्रश्न असा: ‘दिलेल्या बिंदूतून जाणाऱ्या आणि दिलेल्या रेषेला लंब असणाऱ्या रेषेचे समीकरण काढा.’

लंबाची गरज तशी फार जुनी. पूर्व-पश्चिम रेषेवर दोन खुंट्या ठोकाव्यात, दोरीची टोके त्यांना अडकवून ती मधोमध धरून दक्षिणेला नि उत्तरेला ताणावी, ही युक्ती कात्यायन शुल्बसूत्रात आहे. पुढे १६३७ साली देकार्तने भूमितीला बीजगणिताची भाषा दिली आणि दोरीचे काम आकड्यांकडे आले.

समजा, रेषा आहे य = २क्ष आणि बिंदू (४, ३). रेषेचा चढ २. तो उलटा करा, १/२. चिन्ह बदला, −१/२. हा लंबाचा चढ. (आडव्या रेषेचा लंब उभा, त्याला चढच नसतो, ती गोष्ट वेगळी.) आता बिंदू घालून मांडा: य − ३ = −१/२ (क्ष − ४). सोडवले की क्ष + २य = १०. झाले!

यातली गंमत पाहिलीत? लंबाची जागा त्याच्या बिंदूने ठरते. चढ मात्र त्याने समोरच्या रेषेकडूनच घेतलेला असतो, उलटा करून.

आमचे अण्णा किराणा दुकानदार. मी गल्ल्यावर बसावे ही त्यांची इच्छा. मी मास्तर झालो आणि रात्री कादंबऱ्या लिहू लागलो. तीन वर्षे आमचे बोलणे बंद होते. पोरगा बापाच्या वळणावर गेला नाही, असे लोक म्हणत. पण अण्णा पैपैचा हिशेब ठेवीत, तसा मी शब्दाशब्दाचा ठेवतो. हा चढ कुणाचा?

समांतर रेषांचे कधी भांडण होत नाही, पण त्या भेटतही नाहीत. काटकोनातल्या रेषा हटकून भेटतात. शिवाय बिंदूपासून रेषेपर्यंतची सर्वांत जवळची वाट लंबाचीच. आपल्या उदाहरणात तो रेषेला (२, ४) या बिंदूत टेकतो. त्या बिंदूला लंबपाद म्हणतात.

चौथ्या वर्षी पाडव्याला मी कुणा मध्यस्थाला न घेता सरळ दुकानात गेलो आणि अण्णांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांनी नव्या सालाची कोरी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, ‘‘अक्षर तुझं बरं आहे. यंदा श्री तूच लिही.’’