अकरा जणींची वही

आमच्या वस्तीत मोठे मंडळ काढण्याची हौस फार. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, सल्लागार अशी ऐंशी नावे पत्रकावर छापून येतात आणि सभेला पाच माणसे जमतात. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या वर्गणीचा हिशेब कुणी वाचून दाखवला नाही, एवढ्यावरून आमच्या गल्लीत दोन गट पडले आणि पुढच्या १४ एप्रिलला एकाच गल्लीत दोन मांडव उभे राहिले. कुणी पैसे खाल्ले असे मी म्हणत नाही. वहीच नव्हती, मग कोण काय सांगणार?

मी बी.कॉम. झालेली, कार्यालयात लिपिक. नोंदी लिहिणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा. रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही काही बायका थोडा वेळ बोलत बसायचो. त्यातल्याच अकरा जणींनी बचत गट सुरू केला. कुणी धुणी-भांडी करणारी, कुणी भाजी विकणारी, एक अंगणवाडी सेविका आणि मी. दरमहा १०० रुपये. घरचे पुरुष हसले. “शंभर रुपयांत काय होणार?” म्हणाले.

चौथ्या महिन्यात ४४०० रुपये जमले आणि भाजी विकणाऱ्या मावशींच्या मुलीची कॉलेजची फी भरायची वेळ आली. वस्तीतला सावकार महिन्याला शेकडा दहा घेतो, म्हणजे ४००० वर दरमहा ४०० रुपये नुसते व्याजाचे. गटाने शेकडा दोनने दिले, महिना ८० रुपये, आणि तेही आमच्याच पेटीत परत. मुलीची फी भरली गेली. त्यानंतर घरचे हसायचे थांबले.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिणे खोटेपणाचे होईल. दुसऱ्या वर्षी एक ताई रस्त्यात भेटल्या. कामावर निघाल्या होत्या, गडबडीत ५०० रुपयांचा हप्ता माझ्या हातात दिला. रात्री मी ते पेटीत टाकले, पण वहीत लिहायचे राहिले. बैठकीत त्यांच्या नावापुढे थकबाकी निघाली. “मी दिले” म्हणाल्या. मी, हिशेबाची मोठी जाणकार, वही उघडून दाखवली. वहीपुढे त्या गरीब बाईचे काय चालणार? डोळे पुसत उठून गेल्या आणि तीन महिने विहारातही आल्या नाहीत. मार्चअखेर बँकेच्या पासबुकाशी मेळ घालताना खात्यात वहीपेक्षा ५०० रुपये जास्त निघाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी त्यांच्या दारात गेले आणि रविवारी सगळ्यांसमोर माफी मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, “ताई, तुम्ही शिकलेल्या, म्हणून सगळ्यांनी तुमचंच खरं मानलं.” ते वाक्य अजून टोचते.

तेव्हापासून आमचा नियम असा की पैसे बैठकीतच द्यायचे, मोठ्याने मोजायचे, गटाच्या वहीत आणि त्या बाईच्या पुस्तकात एकाच वेळी लिहायचे, आणि शेवटी सगळा हिशेब वाचून दाखवायचा. वही दर वर्षी दुसरीच्या हातात जाते. भाजीवाल्या मावशी सातवी शिकलेल्या, पण त्यांच्या वर्षात एकही खाडाखोड नव्हती. माझ्या वर्षाबद्दल तसे म्हणता येणार नाही!

बंधू-भगिनींनो, आपण विचारतो की दहा-बारा माणसांनी काय होते. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिची कामे पाहा. सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह, मुंबईत मोफत वाचनालय, तरुणांसाठी हॉकी क्लब. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला महिला परिषद झाली, तिच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या. परिषदेची गर्दी आपल्याला आठवते. तिथवर येण्याआधी घराघरांतून बायका बोलावणारी कोण होती, तिचे नाव कुठे नसते.

बचत गट बँकेशी जोडण्याचा नाबार्डचा प्रयोग १९९२ साली ५०० गटांपासून सुरू झाला. गट दहा ते वीस जणींचा असावा. नोंदणी नसली तरी बँकेत गटाच्या नावाने खाते निघते. नियमित बैठक, बचत, आपसातले कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पाच कामे सहा महिने सुरळीत चालली की बँक कर्जाचा विचार करते. पण गट बचतीचाच हवा असे नाही. दहावीच्या मुलांना संध्याकाळी विहारात अभ्यासाला बसवणारे चार पदवीधर, वर्षावासात ग्रंथ वाचून त्यावर बोलणारे सात-आठ जण, हेही गटच. वार ठरलेला असावा, येणारे थोडे पण नेहमीचे असावेत आणि कोण आले, काय ठरले हे कुणीतरी लिहावे. पत्रक छापायची घाई नको. पदे तर मुळीच वाटू नका. आमच्याकडे अध्यक्ष कोण हे मला विचारल्याशिवाय आठवत नाही.

गेल्या रविवारी मागच्या गल्लीतल्या नऊ बायका आल्या. त्यांत त्या ५०० रुपयांच्या ताईंची सून होती. “ताई, आम्हाला वही लावून द्या” म्हणाली. मी रेघा मारून दिल्या आणि नावे लिहायला पेन उघडले. तिने ते माझ्या हातातून हळूच काढून घेतले.