मधलं बेरिंग

इंजिनकाम करून आलेली गाडी सुरुवातीला थोडी घट्ट लागणारच. सिलिंडर नव्याने बोअर केलेले, रिंगा कोऱ्या, बेरिंगं कोरी. कुणाची अजून कुणाशी ओळख झालेली नसते. पण घट्टपणात आणि घट्टपणात फरक असतो, आणि तो हातालाच कळावा लागतो. हाताची ही समज मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे कौतुक होतं ते जोर लावणाऱ्याचं.

आमची प्रीमियर पद्मिनी मूळची कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे त्याचा आवाज शहराच्या कानात मुरला आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. हे इंजिन हाताखालून गेलेल्या मिस्त्रींकडे म्हणूनच मी आता अधिक आदराने बघतो.

गाडीचं फुल इंजिनकाम दुसरीकडे झालं होतं. चावी फिरवली की स्टार्टर कण्हायचा, अर्धा फेरा ओढायचा आणि बसायचा. ‘टोचन लावा, सुटेल आपोआप,’ असं सांगणारे भेटलेच. आमचे मिस्त्री मात्र ठाम होते. ‘साहेब, ओढून सुटेलही. पण जिथे अडतंय तिथलं खरवडून सुटेल.’

आधी बॅटरी, मग अर्थिंगची वायर. दोन्ही ठीक. पंख्याचा पट्टा उतरवला, म्हणजे डायनॅमो आणि वॉटर पंपावरचा संशय मिटला. चारही प्लग काढले. कॉम्प्रेशनचा अडसर गेला, उरलं ते निव्वळ घासणं. मग पुलीच्या नटाला लांब पान्हा लावून ते इंजिन फिरवू लागले, अगदी सावकाश.

या इंजिनात चारही पिस्टन एकाच वेळी टोकाला पोचतात, दोन वर आणि दोन खाली. त्या क्षणी पिस्टन जवळपास थांबलेले असतात, म्हणून रिंगांचं घासणंही ओसरतं. घट्टपणा रिंगांचा असेल, तर एका फेऱ्यात दोनदा पान्हा हलका व्हायला हवा. त्यांनी पान्हा माझ्या हातात दिला. तो कुठेच हलका होत नव्हता. फेराभर तेच एकसारखं, चिकट जडपण. म्हणजे दोष पिस्टनकडे नव्हता. जे अखंड फिरतं त्या क्रँककडे होता. एवढं मोठं अनुमान, आणि ते करायला एक पान्हा पुरला! त्या दुपारी मला अतिशय आनंद झाला होता.

इंजिन उतरवलं, उलटं केलं, चेंबर काढला. क्रँक तीन मेन बेरिंगांवर बसलेला. पुढच्या बेरिंगाची टोपी सैल केली, फिरवून पाहिलं, फरक नाही. ती पुन्हा कसली. मागची सैल केली, तीच गत. मधलीचे बोल्ट ढिले झाले आणि पान्हा हाताबरोबर सहज फिरला.

टोपीतलं अर्धगोल बेरिंग त्यांनी उजेडात धरलं. एका कडेला नखाएवढी पट्टी आरशासारखी चकाकत होती. बाकीचा पृष्ठभाग राखाडी, न शिवलेला. टोपी उलटी बसली होती. वरच्या आणि खालच्या बेरिंगाची लॉकची खाच एकाच बाजूला यायला हवी होती, ती विरुद्ध बाजूंना गेली होती. टोप्या आणि ब्लॉक कारखान्यात एकत्र कसूनच बोअर केलेले असतात, त्यामुळे प्रत्येक टोपीची जागाही ठरलेली आणि दिशाही. क्रँक आणि बेरिंग यांच्यात तेलाला लागते जेमतेम दीड-दोन थाऊची फट. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिलिमीटर, केसाहून बारीक. टोपी उलटली आणि एका कडेची तेवढीही जागा गेली. टोचन लावलं असतं तर तिथे तेल पोचलं नसतं, आणि क्रँकवर ओरखडे उठले असते.

क्रँक दहा थाऊ घासलेला होता, म्हणून दहाचाच नवा सेट आणला. टोप्या टॉर्क पान्ह्याने एकेक करून कसल्या, आणि प्रत्येक टोपीनंतर क्रँक फिरवून पाहिला. घाई म्हणून एकही फेरा गाळला नाही. शेवटी पुन्हा पान्हा माझ्या हातात आला. आता घट्टपणा होता तो रिंगांचा, फेऱ्यात दोनदा ओसरणारा.

‘पहिले हजार किलोमीटर साठच्या वर जायचं नाही,’ मिस्त्री प्लग साफ करत म्हणाले, ‘आणि पाचशेला तेल बदलायला इकडेच आणा. काढलेलं तेल मला बघायचंय.’