टाकी रिकामी करण्याआधी

पहिला मोठा पाऊस पडून गेला की माझा फोन वाजायला लागतो. नवी मुंबईतल्या नेरूळ, सारसोळे, सीवूड्स भागातले गाडीवाले विचारतात, "साहेब, काल टाकी फुल केली आणि आज गाडी झटके मारतेय. पेट्रोलमध्ये पाणी असेल का?" मी आधी एवढंच विचारतो, की टाकीतलं पेट्रोल कुठे आहे? बहुतेक वेळा उत्तर मिळतं, की मेकॅनिकने काढून ओतून दिलं. तिथेच तक्रारीचा कणा मोडतो.

मोटारीचा बिघाड नेमका कशामुळे झाला, हे तपासून लेखी देणं हा माझा व्यवसाय. सुरुवातीलाच सांगतो, की बंद पडलेल्या प्रत्येक गाडीचं खापर पंपावर फोडता येत नाही. तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेल्यावर एअर फिल्टरमधून पाणी आत जातं, उंदीर वायरी कुरतडतात, फ्युएल पंप जुना होतो. इंधनाचा दोष असेल तर तो सहसा पेट्रोल भरल्यावर लगेच, काही किलोमीटरमध्येच डोकं वर काढतो, आणि त्याच दिवशी त्याच पंपावर गेलेल्या इतर गाड्याही कुरकुरू लागतात. हे दोन्ही जुळलं की मी टाकीतल्या पेट्रोलचा नमुना मागवतो.

सारसोळ्यातल्या एका गॅरेजमध्ये अशाच एका गाडीचं पेट्रोल आम्ही टाकीच्या तळातून काढलं आणि झाकणाच्या स्वच्छ काचेच्या बरणीत घेतलं. प्लॅस्टिकच्या बाटलीत घेऊ नये. ते धोक्याचं आहे आणि नमुनाही बिघडू शकतो. बरणी स्थिर ठेवल्यावर पाहता पाहता आत आडवी रेघ उमटली. वर पेट्रोल, खाली जड, किंचित गढूळ थर. गाडीमालक म्हणाले, "एवढं पाणी?" ते सगळं पाणी नव्हतं. आता आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. पाणी थोडं असेल तर ते मिश्रणात विरून जातं, पण मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं. पंपाची नळी टाकीच्या तळाजवळूनच ओढते, म्हणून इंजिनाला आधी तोच थर मिळतो. वरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही घसरलेला असतो. म्हणजे तळ काढून टाकला तरी उरलेलं इंधन पहिल्यासारखं राहत नाही. सारसोळे जेट्टीवरचे होडीवाले डिझेल इंजिनाला पाणी वेगळं करणारा फिल्टर लावतात आणि त्याची वाटी नेमाने रिकामी करतात. मोटारवाल्याला पेट्रोलच्या बाबतीत अशी सवय नाही.

आता पंपावरच्या हक्कांबद्दल. फिल्टर पेपर मागितला की द्यावा लागतो. नोझलमधला थेंब त्यावर टाकला आणि तो उडून गेल्यावर डाग राहिला, तर रॉकेलसारख्या जड तेलाचा संशय घ्यावा. पण पाणी शोधायला ही चाचणी कमी पडते, कारण भूमिगत टाकीच्या तळाचं पाणी त्या एका थेंबात येईलच असं नाही. त्यापेक्षा घनता पाहा. पेट्रोलची घनता १५ अंश सेल्सिअसला घनमीटरला ७२० ते ७७५ किलोग्रॅमच्या मध्ये असावी लागते, आणि त्या दिवशीची घनता टँकरसोबतच्या नोंदीपेक्षा ३ किलोग्रॅमहून अधिक सरकली तर खुलासा विचारायचा आपल्याला हक्क आहे. मापाबद्दल शंका असेल तर ५ लिटरचं प्रमाणित माप मागा. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचीच तफावत चालते. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभरच्या पंपांवर छापे घालून माप मारण्यासाठी मशीनमध्ये बसवलेल्या चिप पकडल्या होत्या, म्हणून ही शंका कुणाच्या कल्पनेतली नव्हे.

भेसळीला महाराष्ट्राने किती किंमत मोजली आहे, हे विसरून चालणार नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. त्यांनी तिथे चाललेली तेलाची चोरी आणि भेसळ पाहिली होती. अधिकाऱ्यावर ही वेळ आली, म्हणून सामान्य माणूस तक्रारीला कचरतो हे मला समजतं. पण बहुतेक वेळा आपल्यासमोर माफिया नसतो. भूमिगत टाकीचं झाकण नीट न बसवलेला, पावसाळ्याआधी तपासणी न केलेला पंपचालक असतो. त्याला जाब विचारायला घाबरायचं काही कारण नाही.

गाडी बंद पडल्या दिवशीच पंपाच्या तक्रारवहीत लिहा, तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याला कळवा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मेकॅनिककडून गाडीच्या किलोमीटरसह लेखी कारण घ्या. नमुना दोन-तीन बरण्यांत भरून सील करा, मेकॅनिकची आणि दोन साक्षीदारांची सही घ्या. पेट्रोल-डिझेलच्या पुरवठ्याबाबतच्या केंद्र सरकारच्या २००५ च्या आदेशानुसार अधिकृत अधिकारी पंपावर पेट्रोलचे एक लिटरचे ६ नमुने घेतो. पण अधिकारी येईपर्यंत पंपावरचा साठा बदललेला असू शकतो, म्हणून तुमची बरणी मोलाची. एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा पैसे घेऊन तपासणी करून देतात.

जिल्हा ग्राहक आयोगात जाताना लोक शुल्काच्या भीतीने थांबतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दाव्याची पायरी नुकसानीवर नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरते. पेट्रोलचं बिल चार-पाच हजारांचं. इंजिनाचा खर्च लाखात गेला तरी जिल्हा आयोगातच जायचं, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. मुदत २ वर्षं. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि वस्तूचा दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग सीलबंद नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

खरी अडचण पुराव्याच्या ओझ्याची आहे. जून २०२५ मध्ये रतलामला मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या एकाच पंपावर डिझेल भरून बंद पडल्या, तेव्हा पाणी सापडायला आणि पंप सील व्हायला वेळ लागला नाही. सारसोळ्याच्या रहिवाशाची एकच गाडी असते, आणि त्याला ऐकवलं जातं, "बाकी कुणाची तक्रार नाही." घनतेची नोंदवही, टाकीची पातळी मोजल्याची नोंद, टँकरचे राखून ठेवलेले नमुने, हे सगळं पंपाच्या ताब्यात असतं आणि सिद्ध मात्र ग्राहकाने करायचं. माझ्या मते हे न्याय्य नाही. म्हणून मी तक्रारदारांना सांगतो, की पहिल्याच पत्रात तारीख-वेळेसह या तिन्ही गोष्टी जपून ठेवण्याची मागणी करा आणि आयोगापुढे त्या हजर करायला लावा. मागणी करूनही पंपाने त्या दाखवल्या नाहीत, तर आयोगाने पंपाविरुद्ध निष्कर्ष काढावा, असं मी माझ्या अहवालात स्पष्ट लिहितो.