आईची दुसरी प्रत

ठाणे

प्रिय दादा,


फोनवर आई तुला "सगळं ठीक" एवढंच सांगते, म्हणून हे सविस्तर. ती सध्या बाबांचं नाव एकेका कागदावरून उतरवते आहे: बँक, सोसायटी, मालमत्ता कर, लाइट बिल, गॅस. घरातलं माणूस गेलं की बायकोला रडायला सवड मिळो न मिळो, झेरॉक्सवाल्याशी मात्र घरोबा होतो.

पहिली अडचण नावाचीच. रेशनकार्डावर बाबांचं आडनाव आधी, पॅनवर शेवटी, बँकेत नुसती आद्याक्षरं आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. हे चौघे एकच गृहस्थ, असं आईला लिहून द्यावं लागलं. कोर्टाबाहेरचा टायपिस्ट सरसकट सगळ्याच कामांना 500 रुपयांचा स्टँप सांगतो. वास्तविक जातीच्या, उत्पन्नाच्या वगैरे सरकारी दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांवरचं हे शुल्क सरकारने मार्च 2025 मध्ये माफ केलं. शिवाय सरकारी कचेऱ्यांतल्या बऱ्याच कामांना साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं, हा शासन निर्णय तर 2015 चा. मंत्रालयातून निघालेला कागद खिडकीपर्यंत पोचेलच असं नाही, म्हणून आई त्याची प्रत पिशवीतच ठेवते.

बँकेतली मुलगी बोलायला गोड होती. "आजी, सक्सेशन सर्टिफिकेट लागेल." सक्सेशन म्हणजे दिवाणी कोर्ट, वकील, पेपरात जाहीर नोटीस आणि महिनोन्‌महिने तारखा. आणि मुदत ठेवीवर नॉमिनी म्हणून आईचंच नाव! ती भांडली नाही. "हेच मला लिहून देता का?" एवढंच म्हणाली. मुलगी आत गेली, साहेब बाहेर आले, आणि सर्टिफिकेटची गरज संपली.

तोंडी नकाराला धनी नसतो, दादा. तो लिहायचा झाला की खाली सही येते, सही आली की उत्तर देणारा माणूस ठरतो. आईची सगळी पद्धत एवढ्यावर उभी आहे. अर्ज दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय ती खिडकी सोडत नाही. "आवक-जावकचा माणूस जेवायला गेलाय" असं कोणी म्हणालं तर ती बाकावर बसून आपला डबा उघडते.

शिक्क्याचा हट्ट उगाच नाही. कायद्यांतल्या मुदती त्या तारखेपासून पळायला लागतात. नॉमिनी असेल तर सक्सेशन सर्टिफिकेटचा आग्रह धरू नये आणि कागद पूर्ण मिळाल्यावर 15 दिवसांत दावा निकाली काढावा, हे रिझर्व्ह बँक 2005 पासून सांगते आहे. सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनी बँकेकडून होणाऱ्या उशिराला किंमतही लावली: ठेवीवर बँक दरापेक्षा 4 टक्के जास्त दराने भरपाई, लॉकरला दिवसाला 5,000 रुपये. पण उशीर झाला हे सिद्ध कशावर करणार? दुसऱ्या प्रतीवर.

महापालिकेत तेच. वारसाहक्काने मालमत्ता कराला नाव लावणं ही 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखालची अधिसूचित सेवा आहे. मुदत टळली तर खात्यातच दोन अपिलं, तिसरं सेवा हक्क आयोगाकडे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. पोच नसलेला अर्ज मात्र आलाच नव्हता, असं म्हणायला कोण अडवतंय?

सोसायटीचा किस्सा तुला आवडेल. खजिनदारकाकांनी चहा घेता घेता 25,000 रुपये "ट्रान्सफरचे" सांगितले. फ्लॅट विकताना महापालिका हद्दीत प्रीमियमची कमाल मर्यादा तेवढी आहे. सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीच्या किंवा वारसांच्या नावे शेअर्स करताना प्रीमियम लागतच नाही, असं आदर्श उपविधींत लिहिलंय. आईने दुसऱ्या दिवशी पत्र दिलं: ही रक्कम कोणत्या उपविधीनुसार, ते कळवावे. उत्तर आलं नाही. मागणीही पुन्हा झाली नाही. काका जिन्यात भेटले की अजून हसून बोलतात.

यात तिला बाबांची शिकवण कामी येते. ते मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघातून महिन्याचं वाणसामान आणायचे आणि प्रत्येक पावती तारेला टोचून ठेवायचे, आठवतं? बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर पुढे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आणि जिल्हा ग्राहक आयोग आहेत, हे तिने वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलंय. आयोगाकडे ती राहते तिथूनच तक्रार करता येते, आणि व्यवहाराची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वेळ आली नाही, येऊही नये.

राहिला फ्लॅट, आणि तिथे तुझ्याशिवाय अडलंय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकार कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार वारसांचं ठरेपर्यंत आई तात्पुरती सभासद. बाबांनी मृत्युपत्र केलं नाही, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, तू आणि मी सारखे वाटेकरी. फ्लॅट आईच्या एकटीच्या नावे करायचा तर आपण दोघांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यायचं. तुला तेवढ्यासाठी यायला नको. टोरांटोच्या भारतीय वकिलातीत जाऊन माझ्या नावचं कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून घे. सही पासपोर्टवर आहे तशीच कर, तुझी नेहमीची घाईची नको. स्कॅन चालत नाही, मूळ कागद कुरिअरने पाठव. तो इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तेव्हा कधी निघाला ते कळव. वकिलातीच्या अपॉइंटमेंटचं बघितलंस का, हे आई रविवारी विचारणार आहे.

तुझी
धाकटी