अंजूरफाटा ते दोंद्रा

भिवंडीत गाडी चालवणारा माणूस जगात कुठेही गाडी चालवू शकतो, असं आमच्या ह्यांचं ठाम मत. कल्याण नाक्याला एकीकडून कंटेनर, दुसरीकडून रिक्षा आणि मधोमध खड्डा, यातून जो सुखरूप घरी येतो त्याला परदेशाची कसली भीती? ग्रे कापडाचे तागे वाहणारे आमचे टेम्पो आहेत. ड्रायव्हर गावी गेला की हे स्वतःच स्टिअरिंगवर बसतात. त्यामुळे लेकीने श्रीलंकेची तिकिटं हातात ठेवली तेव्हा ह्यांनी एकच अट घातली: गाडी भाड्याने घेऊ, पण ड्रायव्हर नको.

आरटीओत हजार रुपये भरले की आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, तो वर्षभर चालतो. पण श्रीलंकेत नुसता तेवढा दाखवून भागलं नाही, त्यावर कोलंबोतल्या ऑटोमोबाईल असोसिएशनची मोहोर घ्यावी लागली. त्यात एक सकाळ गेली. बाकी सोपं होतं. तिथेही गाड्या डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडेच.

कोलंबोहून दक्षिणेला जायला दोन वाटा आहेत. एक 2011 मध्ये सुरू झालेला एक्स्प्रेसवे आणि दुसरा जुना गॉल रोड, म्हणजे ए-टू. तो समुद्राला धरून मातारापर्यंत जातो, तिथवर दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. आम्ही जुना धरला. एका अंगाला दुकानं, शाळा, देवळं, दुसऱ्या अंगाला रेल्वेचे रूळ आणि रुळांच्या पलीकडे थेट लाटा. गावं एकमेकांना इतकी चिकटलेली, की एक कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं ते पाट्या वाचूनच कळायचं.

ह्यांना पहिला धक्का पानदुराच्या आसपास बसला. छत्री घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल ठेवलं आणि दोन्ही बाजूंची वाहनं थांबली. ह्यांचा हात सवयीने हॉर्नवर. बाईंनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात शिट्टी मारणाऱ्या पोराकडे बाई पाहतात. मी शाळेत शिकवायचे, ती नजर मला ओळखीची आहे. त्यानंतर हॉर्न जवळजवळ बंदच झाला. मात्र तिथल्या खासगी बसवाल्यांना ही शिस्त लागू नसावी. एकमेकांच्या पुढे जाण्यासाठी ते असे सुटतात की पुसू नका. आणि त्या बस कोणत्या? अशोक लेलँड! रिक्षा बजाजच्या, मधूनच टाटाचा छोटा टेम्पो. ‘परदेशात येऊन मला कट मारणारा सुद्धा आपलाच,’ हे म्हणाले. त्यात तक्रारीपेक्षा अभिमानच जास्त होता.

कळुतारा येथे नदीवरच्या पुलाजवळ मोठा पांढरा स्तूप आहे. तिथे रस्त्याकडेच्या पेटीत नाणं टाकल्याशिवाय गाड्या पुढे जात नाहीत. कसारा घाटातून जाताना घाटनदेवीपाशी आमचे ड्रायव्हर हेच करतात, तेव्हा ह्यांना काही सांगावं लागलं नाही. काच खाली, हात बाहेर, नाणं पेटीत, गाडी चालू. मागच्या बसवाल्यानेही तेच केलं.

मला या प्रवासात ‘महावंस’ आठवत होता. लंकेचा पहिला राजा मानला जाणारा विजय भारतातून समुद्रमार्गे हाकलला गेला, तो आधी सुप्पारकला उतरला, असं त्या पाली ग्रंथात आहे. सुप्पारक म्हणजे आपलं सोपारा, भिवंडीहून वसईच्या वाटेने गेलं की येणारं. पण त्याच्या माणसांनी तिथे दांडगाई केली, लोक बिघडले आणि त्याला पुन्हा गलबतात बसावं लागलं, मग तो लंकेला लागला. ही कथा मी ह्यांना ऐकवली. ‘म्हणजे आपल्या लोकांनी ऐकून घेतलं नाही म्हणून हा देश झाला,’ एवढाच निष्कर्ष निघाला. इतिहास म्हणून त्यात किती खरं ते पंडितांनी ठरवावं, गाडीत वेळ छान गेला.

हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया लागतं. 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी त्सुनामीची पहिली लाट आली तेव्हा कोलंबोहून माताराकडे निघालेली गाडी इथे रुळांवर उभी होती. गावातले लोक जीव वाचवायला तिच्यात चढले, टपावर चढले. मग दुसरी, त्याहून उंच लाट आली. सतराशेहून अधिक माणसं गेली. जगातला सर्वांत मोठा रेल्वे अपघात म्हणून तो मोजला जातो. रस्त्याकडेला एका छोट्याशा घरात फोटो लावलेत. तिथली बाई एकेका फोटोपुढे थांबून शांतपणे सांगत होती, रडवायचा प्रयत्न अजिबात नाही. 26 जुलै 2005 च्या महापुराचं पाणी आम्हीही पाहिलंय, पण त्या फोटोंपुढे ते बोलावंसंही वाटलं नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा समोरून माताराचीच गाडी खडखडत गेली, दारात पोरं लटकलेली.

गॉलचा किल्ला मात्र मला चटका लावून गेला. पोर्तुगीजांनी सुरुवात केली, 1640 मध्ये डचांनी घेतला आणि भक्कम बांधला. 1988 पासून तो जागतिक वारसा आहे. आत माणसं राहतात! कोर्ट आहे, शाळा आहे, मशीद, चर्च, बुद्धविहार आहे. तटावर पतंग उडवणारी मुलं, गल्लीत वाळत घातलेले कपडे. वसईचा किल्लाही पोर्तुगीजांचाच. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी तो जिंकला. त्या मोहिमेसाठी पेशव्यांकडे खेटे घालणारे गंगाजी नाईक आमच्या भिवंडी तालुक्यातल्या अंजूरचे, त्यांचा वाडा अजून आहे. पण किल्ल्यात काय उरलं? वडाच्या मुळ्यांनी कवटाळलेल्या भिंती आणि लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी. जिंकलेला किल्ला ओस पडला आणि हातोहात फिरलेला नांदता राहिला, हे काही मला नीट पचलं नाही. ह्यांना तिथे एकच चिंता होती, एवढ्या अरुंद गल्लीत सामानाचा टेम्पो वळतो कसा.

कोग्गलाला पाण्यात रोवलेल्या काठ्यांवर बसून मासे पकडणारे कोळी दिसतात. आता ते बहुतेक फोटोचे पैसे घेण्यासाठीच बसतात. आम्ही थांबलो नाही.

थांबलो ते दह्यासाठी. वेलीगामाच्या पुढे रस्त्याकडेला मांडवात मातीची मडकी रचलेली होती. म्हशीच्या दुधाचं दही, सुरीने कापावं इतकं घट्ट, वर पिवळसर साय आणि मडक्याच्या कडेला मातीचा वास. दुकानातल्या बाईने त्यावर भेरली माडाच्या रसाचा काळसर पाक ओतला. गूळ नाही, काकवी नाही, किंचित धुरकट काहीतरी. तिने मला ‘अक्का’ म्हटलं आणि दुसरं मडकं पैसे न घेता पुढे सरकवलं. 2022 मध्ये पेट्रोलसाठी लोक रात्र-रात्र रांगेत गाडीतच झोपायचे, ती मोडक्या इंग्रजीत सांगत होती. दही घ्यायला कोण थांबणार होतं तेव्हा? ह्यांनी जाताना आणखी दोन मडकी विकत घेतली. आम्ही दोघं माणसं, हॉटेलात फ्रिज नाही.

दोंद्राचं दीपगृह देशाचं दक्षिण टोक. 1889 चं. तिथून पुढे अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं. ह्यांनी विचारलं, मग गाडी कुठे वळवायची?

परतताना एक्स्प्रेसवेने आलो. तो समुद्रापासून आत, टेकड्या आणि भातखाचरांतून जातो. जाताना दिवसच्या दिवस लागले, तेवढं अंतर दोनेक तासांत संपलं आणि लाट एकदाही दिसली नाही. टोलची पावती ह्यांनी जपून खिशात ठेवली. पडघ्याच्या टोलशी ताडून बघायची आहे म्हणे, खड्ड्यांसकट.